२,६४० आयकार्डांचे फोटो: कापायचं काम यंत्राकडे दिलं तेव्हा

पार्श्वभूमी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, बाजारपेठ संपते तिथे एक जुना फोटो स्टुडिओ आहे. मालक साठीच्या घरातले. आमच्या घरोब्यातले, म्हणून मी त्यांना काका म्हणते. फिल्मच्या काळापासून ते हेच काम करत आलेत आणि लग्न-मुंजींइतकाच त्यांचा भर शाळांच्या आयकार्डांवर असतो. मागच्या पावसाळ्यात त्यांना २३ शाळांचं काम एकदम मिळालं. त्यात चौदा-पंधरा पोरांची वाडीवरची शाळा होती, तशीच चारशे मुलांची हायस्कुलंही होती. एकूण मुलं २,६४०. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, तिथून फोटो काढायला सुरुवात, आणि स्वातंत्र्यदिनाच्या आत कार्डं पोरांच्या गळ्यात, अशी बोली होती. गणपतीच्या तोंडावर चाकरमानी गावात येऊ लागले की स्टुडिओला दुसऱ्या कशालाही फुरसत नसते, त्यामुळे ही तारीख पुढे ढकलण्यासारखी नव्हती.

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. त्या दोन महिन्यांत घरूनच काम करत होते, म्हणून गावी होते. काकांनी सहज विचारलं आणि मी हो म्हटलं. गाव, शाळा आणि माणसं ओळखू येतील असं काही इथे दिलेलं नाही.

अडचण

कार्डावर फोटोची जागा २५ बाय ३० मिलिमीटर. ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके धरले तर) ते २९५ बाय ३५४ पिक्सेल होतात. कॅमेऱ्यातून येणारी मूळ फाइल मात्र ६,००० बाय ४,००० ची, आणि तिच्यात मुलाबरोबर बाक, भिंत, शेजारी उभ्या असलेल्या मित्राचा हात, सगळंच येतं. आधीच्या वर्षी काकांचा मदतनीस एकेक फोटो उघडून, चौकट बसवून, कापून, नाव देऊन ठेवत असे. एका फोटोला सरासरी दोन मिनिटं. या हिशेबाने २,६४० फोटोंना ८८ तास लागतात, म्हणजे रोजचे आठ तास धरले तर अकरा दिवस. त्यात पावसाळ्यातली आमच्याकडची वीज.

अडचण नुसत्या वेळाची नव्हती. संध्याकाळपर्यंत डोळे थकतात आणि चौकट सैल पडू लागते. आधीच्या वर्षाची कार्डं मी मागवून पाहिली. एकाच वर्गात एका मुलाचा चेहरा चौकटभर, दुसऱ्याचा बटणाएवढा. मुलांना हे बरोबर कळतं. कार्ड वर्षभर गळ्यात असतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे दोन मुलगे रोजावर घेऊन हातानेच काम उरकायचं. खर्च ठरलेला, धोका माहितीतला. काकांचा कल इकडेच होता.

दुसरा, फोटोशॉपमध्ये एकच ॲक्शन (म्हणजे एकदा केलेल्या कृतींची नोंद) करून ती सगळ्या फोल्डरवर चालवायची. ती नेहमी एकाच जागी कापते. पहिलीतलं पोर आणि दहावीतला मुलगा एकाच उंचीच्या ट्रायपॉडसमोर उभे केले होते, म्हणून हा पर्याय एका शाळेच्या फोटोंवरच बाद झाला. लहानांच्या वाट्याला मागची भिंत आली.

तिसरा पर्याय सगळ्यांत मोहाचा होता. फोटो चढवले की कापून देणाऱ्या सेवा इंटरनेटवर आहेत. पण एकेक फाइल साधारण ८ एमबीची, सगळं मिळून २१ जीबी, आणि जुलैत आमच्याकडची लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही. तरीही खरं कारण ते नव्हतं. हे सगळे चेहरे अठरा वर्षांखालच्या मुलांचे होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ अठरा वर्षांखालच्यांना मूल धरतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. कायदा बाजूला ठेवला, तरी पालकांनी पोरांना फोटोला उभं केलं ते काकांच्या भरवशावर. ते चेहरे कुठल्यातरी अनोळखी सर्व्हरवर पाठवायचा अधिकार काकांना नव्हता आणि मला तर नव्हताच. हा निर्णय दहा मिनिटांत झाला आणि त्याबद्दल मला आजही शंका नाही.

चौथा, काकांच्याच लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चालेल असा छोटा प्रोग्रॅम लिहायचा. पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा आणि ओपनसीव्ही हा तिच्यातून वापरता येणारा चित्रं तपासायच्या साधनांचा संच, दोन्ही फुकट. चेहरा शोधायचा, त्याच्या मापाने चौकट ठरवायची, कापायचं. आम्ही हा पर्याय घेतला. मात्र रोजावरच्या दोघांपैकी एकाला काकांनी सांगून ठेवलं होतं, आणि तो शहाणपणा पुढे कामी आला.

काय केलं: चेहरा शोधणं

पहिल्याच संध्याकाळी माझ्या हातून चूक झाली. फोटो लहान करून पाहावेत म्हणून इमेजमॅजिक या फोटोंवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमची मॉग्रिफाय ही आज्ञा एका फोल्डरवर चालवली. ती मूळ फाइलवरच लिहिते. निकाल वेगळ्या फोल्डरात हवा असेल तर तसं सांगावं लागतं, आणि ते मी सांगितलं नव्हतं. एका शाळेचे ४२ मूळ फोटो बारीक होऊन बसले. कॅमेऱ्याचं कार्ड अजून पुसलेलं नव्हतं म्हणून परत मिळाले. त्या रात्रीपासून नियम केला: मूळ फोटो आधी बाहेरच्या डिस्कवर, ती डिस्क कपाटात, आणि काम फक्त प्रतींवर.

सुरुवात जुन्या पद्धतीने केली. व्हायोला आणि जोन्स यांनी २००१ मध्ये मांडलेली पद्धत ओपनसीव्हीत तयार मिळते. ती उजेड-अंधाराच्या आयतांवर चालते: डोळ्यांची पट्टी काळपट, खाली गाल उजळ, मध्ये नाकाची उजळ रेघ. समोरून काढलेल्या, स्वच्छ पडद्यावरच्या फोटोंत ती उत्तम चालली. पण वाडीवरच्या शाळांत पडदा लावायला जागा नसते. पोरं पडवीत उभी केली होती, मागे न गिलावलेली चिऱ्याची भिंत. जांभ्या दगडाला भोकं असतात. दोन भोकं जवळजवळ आणि खाली उजळ भाग असला की यंत्राला तिथे चेहरा दिसू लागला. एका फोटोत त्याने नऊ चेहरे दाखवले. त्यातला एक मुलाचा, बाकीचे आठ चिऱ्याचे.

दुसऱ्या एका शाळेत भिंतीवर सावित्रीबाईंचं रंगवलेलं चित्र होतं. ‘सगळ्यांत मोठा चेहरा घे’ असं मी यंत्राला सांगून ठेवलं होतं. पहिलीतल्या पोरांपेक्षा सावित्रीबाईंचा चेहरा मोठा होता, त्यामुळे आख्ख्या पहिलीची कार्डं सावित्रीबाईंच्या फोटोची तयार झाली. काकांनी पडद्यावर पाहिलं आणि म्हणाले, “गो, पोरां खंय गेली?”

इथे पहिला खरा निर्णय घ्यावा लागला. माझ्या मनात हुशार नियम रचायचं होतं: चौकटीच्या मधोमध असलेला चेहरा घे, खालच्या भागातला घे, चित्रातला सपाट रंग ओळखून टाळ. एकेक नियम घातला की एक शाळा सुधारायची आणि दुसरी बिघडायची. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी उलट ठरवलं. एकाहून जास्त चेहरे दिसले, एकही दिसला नाही किंवा यंत्राची खात्री कमी असली, तर त्याने कापायचंच नाही. तो फोटो ‘बघायचे’ नावाच्या वेगळ्या फोल्डरात टाकायचा आणि माणसाने बघायचा. ‘मला कळत नाही’ हे यंत्राला म्हणता आलं पाहिजे, हे मला आधीच सुचायला हवं होतं. चुकीचा कापलेला फोटो बरोबर कापलेल्या अडीच हजारांत मिसळला की तो शोधायला पुन्हा अडीच हजार बघावे लागतात.

त्याच सुमारास जुनी पद्धत सोडून ओपनसीव्हीतलाच यूनेट हा नवा शोधक घेतला. तो चेहऱ्याच्या चौकटीबरोबर पाच बिंदू देतो (दोन डोळे, नाकाचं टोक, ओठांची दोन टोकं) आणि आपली खात्री किती तेही आकड्यात सांगतो. सुरुवातीला त्याला बरेचसे चेहरे सापडलेच नाहीत. माहितीपत्रक वाचल्यावर कारण कळलं: तो साधारण १० ते ३०० पिक्सेलपर्यंतच्या चेहऱ्यांवर शिकवलेला आहे, आणि आमच्या मूळ फाइलींत चेहरा हजारेक पिक्सेलचा होता. शोधण्यापुरती छोटी प्रत केली, मिळालेले बिंदू त्याच पटीने मोठे केले आणि कापलं मूळ मापाच्या फाइलीतून. चिऱ्याचे चेहरे जवळपास गेले, वेगही वाढला. सावित्रीबाई मात्र नव्या शोधकालाही दिसत राहिल्या, कारण तो चेहराच होता. ते फोटो ‘बघायचे’मध्ये गेले.

काय केलं: चौकट बसवणं

चेहऱ्याच्या चौकटीवरून कापलं की केस जातात, कारण ती चौकट कपाळाजवळ संपते. म्हणून माप बिंदूंवरून घेतलं. डोळ्यांच्या मध्यापासून ओठांच्या मध्यापर्यंतचं अंतर काढायचं, फोटोची उंची त्याच्या साडेपाच पट धरायची आणि डोळे वरून ४५ टक्क्यांवर ठेवायचे. पहिलीतलं पोर असो की दहावीतलं, चेहरा सारख्याच आकाराचा येऊ लागला.

मग काकांनी एकेक बघायला सुरुवात केली. प्राथमिकच्या मुलींच्या दुमडून रिबिनी बांधलेल्या वेण्या कानांच्या बाहेर येतात, त्या अर्ध्या कापल्या जात होत्या. काही मुलींचा स्कार्फ वरून कातरला जात होता. मला ते चालण्यासारखं वाटलं होतं, कारण चेहरा तर पूर्ण होता. काकांनी साफ नकार दिला. “आवशीन सकाळी उठान येणी घातली हत,” (आईने सकाळी उठून वेण्या घातल्या आहेत) एवढंच म्हणाले. साडेपाच पट होती ती सहा पट केली. चेहरा थोडा लहान झाला, पण रिबीन आणि स्कार्फ दोन्ही आत आले. चौकट कशी असावी ते शेवटी त्यांच्या चाळीस वर्षांच्या नजरेने ठरवलं, आणि तसंच व्हायला हवं होतं.

उजेडाची गोष्ट जास्त टोचली. पडवीत मूल उभं असतं आणि मागे उघडं अंगण असतं. पावसाळी आभाळाचा पांढरा उजेड मागून आला की चेहरा काळवंडतो. अशा फोटोंत सावळ्या मुलांचे चेहरे यंत्राला जास्त वेळा सापडत नव्हते. गोऱ्या मुलाचा फोटो त्याच जागी, त्याच उजेडात निघालेला असूनही सापडत होता. हा दोष आमच्या पडवीपुरता नाही. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तेव्हाच्या व्यावसायिक प्रणाली सावळ्या बायकांच्या बाबतीत सगळ्यांत जास्त चुकत होत्या. ट्विटरची आपोआप फोटो कापायची पद्धतही गोऱ्या चेहऱ्यांकडे झुकते अशी तक्रार २०२० मध्ये झाली आणि पुढच्या वर्षी कंपनीने ती पद्धत मागे घेतली. आमच्यासमोर मात्र दर्यावर्दी घरांतली, उन्हात वाढलेली पोरं होती, आणि त्यांचेच फोटो मागे पडत होते. शोधण्याच्या प्रतीत अंधारा भाग उजळून घेतला, की त्यातले बहुतेक सापडले. कापायची मूळ फाइल तशीच ठेवली. मुलाचा रंग कार्डावर बदलायचा नाही, हे काकांनी आणि मी दोघांनीही धरून ठेवलं.

एक घोळ शुद्ध तांत्रिक होता. जुलैच्या मध्यावर कॅमेऱ्याच्या लेन्सला दमट हवेने बुरशी धरली आणि चार शाळांचे फोटो मदतनिसाने मोबाइलवर काढले. मोबाइल उभा फोटो बऱ्याचदा आडवाच साठवतो आणि ‘दाखवताना फिरव’ अशी खूण फाइलीत लिहून ठेवतो. ओपनसीव्ही ती खूण वाचून फोटो फिरवतं, पण कापायला मी पायथनची दुसरी लायब्ररी वापरत होते, ती आपणहून फिरवत नाही. चेहरा एका दिशेने शोधला, कात्री दुसऱ्या दिशेने चालवली. तीनशेच्या वर फोटोंत खांदा आणि भिंत आली. उघडल्याबरोबर फोटो फिरवून घ्यायची एक ओळ घातली आणि ते मिटलं.

नावांचा घोळ

इथवरचं सगळं दुरुस्त करता येण्यासारखं होतं. खरी चूक कापण्यात झालीच नाही.

फोटो हजेरीपटाच्या क्रमाने काढायचे असं ठरलं होतं. शाळेकडून आलेली नावांची यादी आणि वेळेनुसार लावलेल्या फाइली, दोन्ही ओळीने जुळवून मी फोटोंना नावं दिली. फोटोंची संख्या आणि नावांची संख्या जुळते का, हे प्रोग्रॅम तपासत होता. एका हायस्कुलात सातवीत ४६ नावं, ४६ फोटो. मी पहिले पाच आणि शेवटचे पाच मदतनिसाला दाखवले. बरोबर होते. छपाईला दिले.

कार्डं वाटताना वर्गाच्या बाईंच्या लक्षात आलं. चौदाव्या क्रमांकाची मुलगी फोटोच्या दिवशी तापाने घरी होती. तिचा फोटो नव्हताच, म्हणून पंधरावीचा फोटो तिच्या नावावर गेला आणि पुढे प्रत्येकाला पुढच्याचा चेहरा मिळत गेला. सदतिसाव्या मुलाने डोळे मिटले म्हणून मदतनिसाने त्याचे दोन फोटो काढले होते. एक कमी, एक जास्त, बेरीज ४६ च. सदतिसाव्यापासून पुढे सगळं पुन्हा बरोबर, म्हणून शेवटचे पाच बघून काही कळलं नाही. चौदा ते छत्तीस, तेवीस मुलांची कार्डं चुकीची. शाळेतच नसलेल्या मुलीच्या नावावर दुसऱ्या मुलीचा हसरा फोटो.

बाईंचा फोन आला तेव्हा मी स्टुडिओतच होते. काका ऐकत राहिले, मग मला म्हणाले, “फोटो बरो इलो, पण नाव दुसऱ्याचा. असलो फोटो काय कामाचो?” त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि त्यामुळे मला जास्त लागलं. मदतनिसाच्या कागदावर त्या मुलीच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिलेलं होतं. मी तो कागद मागितलाच नव्हता. हाताने काम करताना नाव घालणारा आणि फोटो काढणारा माणूस एकच असे, म्हणून पोर त्याला आठवत असे. यंत्र मध्ये आणताना ही आठवण आपण काढून टाकतो आहोत, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

त्या शाळेची छापलेली सगळी कार्डं तपासली. तीन वर्गांत मिळून ६१ चुकीची निघाली. ती कापून नष्ट केली आणि नव्याने छापली. मुख्याध्यापकांकडे काका स्वतः गेले.

फोटो काढायच्या नऊ शाळा उरल्या होत्या. तिथे पद्धत बदलली. प्रत्येक मुलाच्या हातात हजेरी क्रमांकाची चिठ्ठी द्यायची, त्यावर क्यूआर कोड छापलेला, आणि ती छातीखाली धरायला लावायची. ओपनसीव्ही तो कोड वाचतं आणि फोटोला नाव तिथूनच मिळतं. चिठ्ठी चौकटीच्या खाली राहते, म्हणजे कार्डावर येत नाही. काकांना यात नवीन काही वाटलं नाही. पूर्वी शाळांतून ग्रुप फोटो काढताना पुढच्या पोराच्या हातात इयत्ता लिहिलेली पाटी देत, तशातलंच हे. आधीच्या चौदा शाळांसाठी लहान फोटोंच्या खाली नाव छापलेले प्रूफचे कागद काढले आणि वर्गशिक्षकांची सही आल्याशिवाय कार्ड छापायचं नाही असं ठरवलं.

निकाल

२,६४० पैकी २,३७१ फोटो यंत्राने कापले, २६९ ‘बघायचे’मध्ये टाकले. कापलेल्यांतले ३८ प्रूफच्या कागदावर नापसंत झाले. म्हणजे हाताने ३०७ कापावे लागले, त्याला रोजावरच्या मुलाला दहा तासांच्या आसपास लागले. यंत्राचं स्वतःचं काम पाऊण तासात झालं. कार्डं बहुतेक शाळांना वेळेत पोचली, दोन शाळांना स्वातंत्र्यदिनानंतर चार दिवसांनी.

वाचलेले तास मोजताना माझ्या नऊ संध्याकाळी आणि पुन्हा छापलेली ६१ कार्डं धरली, तर पहिल्या वर्षी फार मोठी बचत झाली असं मी म्हणणार नाही. फरक पडला तो एकसारखेपणात. एका वर्गाची कार्डं शेजारी शेजारी ठेवली की सगळ्यांचे डोळे एका रेषेत येतात. काकांनी ती ओळ हाताने नीट करत बराच वेळ पाहिली.

पुन्हा करायचं झालं तर

चिठ्ठी पहिल्या शाळेपासून द्यायची आणि प्रूफ पहिल्या शाळेपासून काढायचं. प्रोग्रॅम लिहायला बसण्याआधी एक दिवस मदतनिसाबरोबर शाळेत जायचं. मी तो दिवस वाचवला, म्हणून गैरहजर मुलांचा कागद मला माहीत नव्हता. लहान मुलांसाठी एक उंच स्टूल आणि फिक्या निळ्या रंगाचा घडी होणारा पडदा घेतला, तर चिरा, सावित्रीबाई आणि मागचा उजेड हे तिन्ही प्रश्न फोटो काढतानाच सुटतात. शंभर ओळींच्या प्रोग्रॅमपेक्षा ते स्वस्त पडलं असतं. पांढरा पडदा नको, गणवेशाचा सदरा त्यात हरवतो.

एक गोष्ट आम्ही अजून ठरवू शकलेलो नाही. माझं म्हणणं असं की कार्डं पोचल्याची शाळेची पावती आली की मूळ फोटो आणि नावं पुसून टाकावीत. मुलांचे चेहरे नावांसकट एका डिस्कवर पडून राहणं मला बरोबर वाटत नाही. काका म्हणतात, “निगेटिव्ह टाकूची नाय.” त्यांच्या माळ्यावर जुन्या निगेटिव्हचे डबे आहेत. घरातलं माणूस गेलं, की भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून लोक तिथे येतात, आणि पुष्कळदा त्या माणसाचा धड असा फोटो फक्त त्या डब्यातच असतो. दोन्ही बाजू मला पटतात. तूर्तास नावं वेगळी काढून काकांच्या कपाटात ठेवली आहेत, फोटो दुसऱ्या कुलपात. येत्या जूनच्या संमतीपत्रावर पालकांनाच विचारायचं ठरलं आहे: फोटो पुसायचा की ठेवायचा.